पंचेवाल्याची परीक्षा

इस्तंबूल, ६ सप्टेंबर १९८८

प्रिय आत्या,

तुझा हात कपाळाला लावते. फोन केला असता, पण फोनवर माणूस विचार न करता बोलतो असं तूच म्हणतेस. म्हणून विचार करून लिहिते आहे.

मला लग्न करायचं आहे. मुलाचं नाव सुआत. उंच आहे, थोडा वाकून चालतो, डोक्यावरचे केस अजून शाबूत आहेत. इंजिनिअरिंगची पदवी आहे. पण पदवी मिळाली त्याच वर्षी वडिलांना अर्धांगाचा झटका आला, आणि छताखालच्या बाजारातलं त्यांचं दुकान सांभाळायला तो बसला तो बसलाच. हमामचे पंचे विकतो. टॉवेल, झगे, चादरीही असतात, पण मुख्य पंचे.

तो आमच्या उस्कुदारच्या औषधाच्या दुकानात वडिलांच्या गोळ्या न्यायला यायचा. डबीतला बारीक अक्षरांचा कागद तिथेच उभं राहून पूर्ण वाचायचा आणि मला शंका विचारायचा. मला वाटलं संशयी आहे. मग एक दिवस शंका संपल्या तरी तो उभाच राहिला, तेव्हा कळलं.

बाबांना अदानाला पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं: "आत्याला विचार, ती हो म्हणाली तर माझं हो." आई गेल्यापासून आपल्या घरात सगळं असंच चालत आलं आहे, त्यात मला नवल वाटलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी सुआतची आई रीतसर मागणी घालायला येणार म्हणते. त्याआधी तुझं हो हवं.

आत्या, यावेळी प्रश्न न विचारता हो म्हणशील का? एकदाच.

तुझी
फेराय


कायसेरी, १२ सप्टेंबर १९८८

फेराय,

पत्र मिळालं. अक्षर सुधारलं आहे.

प्रश्न न विचारता मी आजवर टरबूजसुद्धा घेतलेलं नाही, तेव्हा जावई घेणार नाही.

पंचे विकतो याला माझी हरकत नाही. तुझे आजोबा जोडे विकत होते आणि त्याच पैशावर मी अंकाराला कॉलेजात गेले. इंजिनिअर होऊन दुकानात बसला यालाही हरकत नाही. बापाला झटका आल्यावर जो मुलगा पदवी दाखवत फिरतो तो काय कामाचा. माझी हरकत जागेला आहे.

आपला कायसेरीचा बाजारही छताखालचाच आहे आणि जुनाच आहे. पण इथे दुकानदार ज्याला फसवील तो उद्या त्याच्या मेहुण्याला घेऊन परत येतो. लाज राखावीच लागते. इस्तंबूलच्या त्या बाजारात परदेशी लोक जहाजातून उतरतात, दोन तास हिंडतात आणि निघून जातात. ज्याचं गिऱ्हाईक पुन्हा कधीच दिसणार नाही, त्या दुकानदाराला खरं बोलायला कोण भाग पाडतं? आणि दिवसभर खोटं बोलणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन बायकोशी खरं बोलेल, असं तुला कोणत्या डबीतल्या कागदात वाचायला मिळालं?

म्हणून मी येते. मागणी घालायला आलेल्या घरात इस्त्री केलेला मुलगा बघण्यात अर्थ नाही. मी त्याच्या दुकानात जाणार आणि इंग्रज प्रवासी म्हणून जाणार. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्याचा एक दिवस तरी उपयोग होऊ दे. आपली भाषा समजत नाही असं वाटल्यावर माणूस समोरच्याबद्दल काय बोलतो, ते ऐकलं की पुरे.

दुकान कुठे आहे ते लिही. त्याला एक शब्द कळवायचा नाही. तुझ्या आईची शपथ घालते, आणि मी शपथा घालत नाही हे तुला माहीत आहे.

नेबाहत आत्या


इस्तंबूल, १७ सप्टेंबर १९८८

प्रिय आत्या,

शपथ घेतली. पण घेताना रडू आलं आणि मग तुझं इंग्रज रूप डोळ्यांपुढे आलं, तेव्हा इतकी हसले की शेजारच्या खोलीतल्या मुली धावत आल्या.

नुरुओस्मानियेच्या दारातून आत आलीस की सोनारांचा सरळ रस्ता लागतो. तो अर्धा चालून डावीकडे वळ. कोपऱ्यावर नळ आहे. नळापुढे डाव्या हाताला त्याचं दुकान, आणि अगदी समोर आगोप उस्तादांचं, ते चांदीचं काम करतात. दोघे दिवसभर रस्त्याच्या आरपार गप्पा मारतात, त्यामुळे ऐकायला पुष्कळ मिळेल.

एकच विनंती. शाळेत मुलींकडे बघायचीस तसं त्याच्याकडे बघू नकोस. त्याचे कान चटकन लाल होतात.

फेराय


कायसेरी, ३० सप्टेंबर १९८८

फेराय,

जाऊन आले. तुला न भेटता परतले, रागावू नकोस. तुझा चेहरा बघितला असता तर निकालात ढवळाढवळ झाली असती. शिक्षकांच्या अतिथिगृहात एक रात्र राहिले. उशी दगडासारखी होती, ते सोड.

खालच्या मजल्यावरच्या बाईंचा मुलगा जर्मनीत असतो. त्याने पाठवलेली गवताची टोपी त्यांनी दिली, आणि एक कॅमेरा, त्यात फिल्म नव्हती. पांढरे कापडी बूट माझेच. आरशात बघितलं आणि मला मीच आवडले नाही, म्हणजे वेष बरोबर जमला होता.

दारातून आत पाय टाकला आणि एकाने जर्मनमध्ये, दुसऱ्याने फ्रेंचमध्ये हाक मारली. आपल्या भाषेत कोणी बोलेना. एक गालिचेवाला मात्र दुसऱ्याला म्हणाला, हिला सोड, ही घेणारी नाही, हिची वाट चुकली आहे. समजत असून न वळणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. त्या माणसाला मी शाळेत असते तर भिंतीकडे तोंड करून उभा केला असता.

तुझा सुआत दुकानाच्या उंबऱ्यावर उभा राहून पंच्यांच्या घड्या घालत होता. मी इंग्रजीतून विचारलं, सुती का? त्याने बरोबर व्याकरणात उत्तर दिलं. बसायला स्टूल दिलं. चहा मागवला. साखर हवी का विचारलं, मी भुवया वर करून च्यक केलं. आणखी एक पेला हवा का, पुन्हा तेच. रेशमी बघणार का, पुन्हा तेच. इंग्रजीतलं 'नो' सुद्धा मला खर्च करावं लागलं नाही. एवढं चटकन समजणारा माणूस दुकानात शोभतो, असं मी मनात नोंदवलं.

मी काठाचा एक दोरा ओढून बघितला. तो बघत राहिला. मग समोरच्या म्हाताऱ्याने आपल्या भाषेत हाक मारली की आज कोणाला पकडलंस, हिचा चेहरा तर आयकर खात्यातला दिसतो. आता बघू, म्हणून मी पंच्याच्या नक्षीत नजर खुपसून बसले. तुझा सुआत म्हणाला, "आगोप उस्ताद, असं बोलू नका. वयाने मोठ्या आहेत, शिकलेल्या आहेत. त्यांना कळत नाही म्हणून आपण काहीही बोलायचं का?"

फेराय, मी मान वर केली नाही, पण मला बरं वाटलं.

पुढचं ऐक. मी पांढरा पंचा पसंत केला आणि पर्स उघडली, तर तो हात जोडून इंग्रजीत म्हणाला की माझी भवानी सकाळीच झाली, समोरच्या म्हाताऱ्यांची अजून झालेली नाही, आधी त्यांच्याकडून काहीतरी घ्या आणि मग माझ्याकडे या. ही आपल्या कायसेरीच्या बाजारातली जुनी रीत. आजोबाही शेजाऱ्याची भवानी होईपर्यंत दुसरं गिऱ्हाईक घेत नसत. हा परदेशी बाईला ते समजावून सांगत होता, आणि तिला त्याचं काय पडलंय याची पर्वा करत नव्हता. मी समोर गेले. म्हातारा जरा गोंधळलेला दिसला, पण खूश झाला. त्याच्याकडून शिवताना बोटात घालायचं चांदीचं टोपण घेतलं. बोटाला सैल होतं, तरी घेतलं.

मग पंचा घेतला आणि निघाले. इंग्रज बाईसारखी मागे वळून हातही हलवला.

हरकत घ्यावी असं काही सापडलं नाही. मी शोधलं नाही असं नाही. तुझ्या बाबांना मी या आठवड्यात लिहीन. आधी थोडा विचार करते. चांगलं दिसलं की मला जास्त विचार करावा लागतो.

नेबाहत आत्या


इस्तंबूल, ८ ऑक्टोबर १९८८

आदरणीय नेबाहत बाई,

आपली ओळख नसताना पत्र लिहितो आहे, क्षमा असावी. खरं म्हणजे ओळख आहे, आणि तेच लिहायचं आहे.

फेरायने काल आपलं पत्र मला वाचून दाखवलं. ती आनंदाने टाळ्या वाजवत होती. माझ्या हातातला पेला बशीत कलंडला. तिला वाटलं मीही आनंदलो आहे.

बाई, आपण इंग्रज नाही हे मला साखरेपाशी कळलं. आमच्या गल्लीतून वर्षाला इतके इंग्रज जातात, पण नकार देताना त्यांची मान आडवी हलते आणि ते तोंडाने बोलतात. आपल्या भुवया वर गेल्या, हनुवटी वर गेली आणि जीभ टाळूवर वाजली. असा नकार माझी आई देते. दुसऱ्या वेळीही तसाच दिलात, तिसऱ्या वेळी तर शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू गेला. तरी मला वाटलं, कोणी बाई गंमत करत असतील, करू दे, पाहुण्याची गंमत का मोडा. मग आपण काठाचा दोरा ओढलात. फेरायने मला सांगितलं होतं की आत्या दोरा ओढल्याशिवाय कापड घेत नाही. तेव्हा आपण कोण ते मला कळलं.

आगोप उस्तादांना मी जे बोललो ते आपल्या कानांसाठी बोललो. एरवी त्यांच्या थट्टेला मी हसतो. आणि भवानीचं तर त्याहून वाईट. ती रीत आम्ही पाळतो, हे खरं आहे. पण त्या दिवशी उस्तादांची भवानी माझ्याही आधी झाली होती. म्हणून ते गोंधळले. आपल्याला दिसावं म्हणून मी ती रीत पाळून दाखवली.

आपण जे बघून हो म्हणणार आहात ते मी मांडलेलं होतं. दुकानात माल मांडतात तसं. त्या हो वर मला लग्न करता येणार नाही. मी हे पत्र लिहितो आहे असं फेरायला सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही.

आपला निर्णय काहीही असो, आपला हात कपाळाला लावतो.

सुआत

ता. क. टोपण बोटाला सैल होत असेल तर उस्ताद बदलून देतील. ते विचारत होते.


कायसेरी, १५ ऑक्टोबर १९८८

श्री. सुआत यांस,

पत्र पोचलं. शुद्धलेखन निर्दोष आहे, बाकी सगळं दोषी आहे.

एकतीस वर्षांत एकाही मुलीने मला असं बनवलं नव्हतं. त्याबद्दल नंतर बोलू.

पहिला निकाल रद्द समजावा. येत्या गुरुवारी दुकान उघडताना मी येईन. यावेळी माझ्या स्वतःच्या नावाने आणि टोपीशिवाय. दिवसभर बसेन. माझ्यासाठी खास काही करायचं नाही, मागवायचं नाही आणि मांडायचं तर मुळीच नाही. फेरायला कळवू नये; तिची शपथ मोडली नाही, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

नेबाहत


इस्तंबूल, १ नोव्हेंबर १९८८

आत्या,

तू पत्र का लिहीत नाहीस? बाबांनी दोनदा विचारलं. सुआतच्या आईने चांदीचा ट्रे घासून ठेवला आहे आणि चॉकलेटांचा डबा आणून ठेवला आहे. त्यातली दोन त्याच्या वडिलांनी खाल्ली म्हणून त्यांच्याकडे भांडण झालं. सगळे तुझी वाट बघत आहेत.

सुआतशी मी आठवडाभर बोलले नाही. त्याने तुला पत्र लिहिलं म्हणून नाही. त्याने ते आमच्या लग्नानंतर लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "तेव्हा ते पत्र नसतं, फसवणुकीची पावती असती." मग मला त्याच्याशी बोलावंच लागलं.

आणि काल मी दुकानात गेले तर आगोप उस्तादांनी हाक मारून विचारलं, त्या कायसेरीच्या बाई पुन्हा कधी येणार, त्या आल्या त्या दिवशी गल्लीत कोणी आवाज चढवला नाही. मी सुआतकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले आणि त्याने तोंड फिरवून टॉवेल मोजायला घेतले. तू इस्तंबूलला येऊन दिवसभर त्याच्या दुकानात बसलीस आणि मला न भेटता गेलीस? पुन्हा?

तो म्हणतो, मी काही सांगणार नाही, बाई सांगतील. उस्ताद म्हणतात, मला हसू येतं, मी सांगू शकत नाही. काय झालं तिथे? तुला माझी दया येत असेल तर एका ओळीत लिही. हो की नाही.

फेराय


कायसेरी, ६ नोव्हेंबर १९८८

फेराय,

एका ओळीत लिहिणार नाही. झालं ते क्रमाने लिहिते. क्रम सोडला की माणूस आपल्या सोयीचं तेवढं लिहितो.

गुरुवारी दुकानाच्या फळ्या निघत होत्या तेव्हा मी नळापाशी उभी होते. सुआतने मला बघितलं, पुढे आला, हात कपाळाला लावला. आगोप उस्तादांनी मला ओळखलं आणि आपण आयकर खात्याबद्दल काय बोललो होतो ते त्यांना आठवलं असावं, कारण ते बराच वेळ दुकानाच्या आतच काहीतरी शोधत राहिले. मी स्टुलावर बसले. माझ्या सांगण्याप्रमाणे काही खास मांडलं नव्हतं. चहा आला, पण तो सगळ्यांनाच येतो.

सकाळी मी नुसती बघत होते. माल दाखवतो, भाव सांगतो, कोणी फार घासाघीस केली तर हसतो. विशेष चांगलंही नाही, वाईटही नाही. मला आठवत होतं की हा मुलगा मांडू शकतो. म्हणून जे काही चांगलं दिसे त्यावर मी विश्वास ठेवत नव्हते, आणि वाईट काही दिसत नव्हतं. असं दिवसभर बसून काय साधणार, असं मला दुपारी वाटू लागलं.

जेवणाच्या वेळेनंतर वरच्या वखारीतून गठ्ठा आणायला त्याला जावं लागलं. म्हणाला, बाई, कोणी आलं तर थांबायला सांगा. तो गेला आणि दोन इंग्रज बायका आल्या. खऱ्या. मायलेकी असाव्यात. मी त्यांना थांबायला सांगायला हवं होतं. पण एकीने इंग्रजीत काही विचारलं आणि माझ्या तोंडातून उत्तर निघून गेलं, आणि मग मी थांबले नाही. फेराय, मला ते आवडलं. त्या माझ्या व्याकरणाने इतक्या चकित झाल्या की धाकटीने पाठीवरची पिशवी उतरवून नीट उभं राहून ऐकलं. मी त्यांना विणकर कसे विणतात ते सांगितलं, थोडं माहीत होतं, थोडं त्या क्षणी माहीत झालं. थोरलीने गडद लाल पंचा उचलला, डाळिंबाच्या रंगाचा, आणि विचारलं, धुतल्यावर रंग जातो का?

मी म्हटलं, "छे, आमच्या मालाचा रंग जात नाही."

'आमचा माल' म्हणायला मला कोणी सांगितलं होतं ते माहीत नाही. त्यांनी पैसे दिले, आभार मानले आणि गेल्या. मी घडी मोडलेले पंचे नीट लावले आणि उस्तादांकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली, एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला डोलवावी तशी.

सुआत गठ्ठा घेऊन आला. फळीवरची रिकामी जागा त्याला आधी दिसली, मी नंतर. त्याने विचारलं, लाल गेला? मी म्हटलं, गेला, आणि भाव न पाडता गेला. त्याने विचारलं, रंगाबद्दल काही विचारलं का त्यांनी? मी जे सांगितलं ते सांगितलं.

त्याने गठ्ठा खाली ठेवला. "बाई, तो रंग पहिल्या काही धुण्यांत सुटतो. वेगळा धुवा म्हणून सांगावं लागतं. त्यांचे सगळे पांढरे कपडे खराब होतील." आणि तो उंबरा उतरला.

आता मी काय म्हणाले ते लिहिते, कारण ते न लिहिता हे पत्र पुरं होणार नाही. मी म्हटलं, "अहो, त्या उद्या आपल्या देशाला जातील. परत थोड्याच येणार आहेत."

समोरून आगोप उस्ताद म्हणाले, "वा बाई, कायसेरीचं पाणी. तुमच्या गावचा माणूस गाढव रंगवून ज्याचं त्यालाच परत विकतो म्हणतात, ते उगीच नाही." मी त्यांच्याकडे शाळेतल्यासारखं बघितलं. त्यांच्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही, ते हसतच राहिले.

सुआत पळत गेला. दुकान माझ्यावर आणि देवावर टाकून गेला. सोनारांच्या रस्त्यावरच्या गर्दीत त्याने त्या दोघींना कसं गाठलं कोण जाणे, पण घेऊन आला, धापा टाकत. आणि माझ्यासमोर, मी ज्या स्टुलावर बसले होते त्याच्यापासून हातभर अंतरावर उभं राहून, त्यांना म्हणाला की या बाई या धंद्यात नवीन आहेत, त्यांच्याकडून चूक झाली, हा रंग सुटतो.

धंद्यात नवीन. माझं वय बासष्ट आहे.

थोरलीने विचार केला आणि पंचा परत दिला. त्यांच्या प्रवासात वेगळं धुणं जमणार नव्हतं. त्याने पैसे परत केले. दुसरं काही घ्या असंही म्हणाला नाही. त्या निघाल्या. धाकटी मला म्हणाली, तुमचं इंग्रजी फार सुंदर आहे. दयेने म्हणाली.

मग तो पंच्याची घडी घालू लागला. घडी तीनदा वाकडी झाली. माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याला घडी पुरी करू दिली आणि मग विचारलं, "मी आज इथे कशासाठी बसले आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"आणि गिऱ्हाइकासमोर मला खोटं पाडलंत."

"हो. पळताना सारखं तेच डोक्यात होतं," तो म्हणाला. "पण तुम्ही कोण, ते त्या बाईंना कुठे ठाऊक होतं? त्यांनी फक्त रंगाचं विचारलं होतं."

मग त्याने विचारलं, चहा मागवू का. मी हो म्हटलं, आणि साखरही हवी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत बसले. आणखी दोन गिऱ्हाइकं मी केली. दोघांनाही रंग सुटतो म्हणून आधीच सांगितलं, पांढऱ्या पंच्याबद्दलसुद्धा. सुआत म्हणाला, बाई, पांढऱ्याचा सुटत नाही. मी म्हटलं, सांगितलेलं बरं.

परत येताना बसमध्ये मी ठरवलं होतं की लगेच लिहायचं नाही. आपल्याला शरम वाटली म्हणून घाईने उदार होणं, हे मला पसंत नाही. म्हणून इतके दिवस थांबले. या दिवसांत मी मुद्दाम उलट विचार करून बघितला. तो चहा सांडतो. वाकून चालतो. नाटक करायला गेला तर वाईट करतो, आणि वर स्वतःच जाऊन सांगतो. असा माणूस कधी श्रीमंत होणार नाही. तू महिन्याच्या शेवटी कुरकुर करशील आणि मला पत्र लिहिशील. ते मी वाचेन आणि उत्तर देणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

मी पहिल्या पत्रात विचारलं होतं की ज्याचं गिऱ्हाईक परत येत नाही त्याला खरं बोलायला कोण भाग पाडतं. मी त्या जागी एक दुपार बसले. मला कोणीच भाग पाडलं नाही. त्यालाही कोणी पाडत नव्हतं. उलट त्या घटकेला त्याने गप्प बसावं असंच सगळं होतं, आणि त्यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मी.

तुझ्या बाबांना आज सकाळी पत्र टाकलं. त्यात 'हो' एवढंच आहे, त्यांना तेवढंच लागतं. मागणीच्या दिवशी मी अदानाला येईन. बाबांचा तो तपकिरी टाय लपवून ठेव. मंटीच्या खिम्याच्या बारीक करंज्या मी करीन, तू फक्त कणीक मळ, तुझ्या हातच्या करंज्या बशीएवढ्या होतात आणि पाहुण्यांपुढे ते बरं दिसत नाही.

आणि कॉफीचं लक्षात ठेव. मुलीने त्या दिवशी मुलाच्या पेल्यात मीठ घालायचं आणि त्याने ती तोंड वाकडं न करता प्यायची, ही रीत मला मान्य आहे. पण चिमूटभरच घाल. तो शेवटच्या घोटापर्यंत पिईल, त्याला अदब आहे. मग पेला खाली ठेवील आणि दोन्ही घरांच्या माणसांदेखत सांगेल की कॉफी खारट होती. तुझे बाबा माझ्याकडे बघतील, सगळे माझ्याकडे बघतील, आणि मला उठून त्याची बाजू घ्यावी लागेल.

डोळ्यांचा पापा.

नेबाहत आत्या